रिफ्रेशर कोर्स करून आल्यावर वर्गात नेमकं काय बदलतं?

फळा-खडू, सांगली
कॅसच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीच्या योजनेच्या, फाइलसाठी परवा सगळी सर्टिफिकेटं काढली. एक ओरिएंटेशन, तीन रिफ्रेशर आणि शॉर्ट टर्म कोर्सचा गठ्ठा, सगळं प्राध्यापकांचं ट्रेनिंग. बीए दोनला अर्थशास्त्र मात्र २००३ साली शिकवायचो तसंच शिकवतोय, आणि याचं मला वाईट वाटतं. १९८६च्या शैक्षणिक धोरणानंतर हे कोर्स घेणारी अकॅडेमिक स्टाफ कॉलेजं निघाली, पुढे त्यांची एचआरडीसी (मनुष्यबळ विकास केंद्रं) झाली, आता मालवीय मिशनची केंद्रं. पाट्या बदलल्या. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत सहायक प्राध्यापकाला वेतनाच्या लेव्हल १० वरून ११ ला जाताना २१ दिवसांचं ओरिएंटेशन आहे, म्हणून माणसं जातात. कोरोनानंतर तर लॉगिन करायचं, कॅमेरा बंद ठेवायचा, शेवटी फीडबॅक फॉर्म भरायचा. माझं स्पष्ट मत: बढतीशी असलेला हा संबंध तोडा. ज्याला शिकायचंय तो जाईल.

रसायनवाली, सातारा
सर, अजिबात पटलं नाही. अट नसती तर मी गेलेच नसते.

माझ्या वर्गात जावळी-पाटणकडची मुलं, घरातली पहिलीच पिढी कॉलेजात. "समजलं का?" म्हटलं की सगळ्या माना हलायच्या. रिफ्रेशरमध्ये एका बाईंनी सांगितलं, विचारू नका, लिहून घ्या. प्रश्न फळ्यावर, दोन मिनिटं वहीत उत्तर, मग शेजारच्याशी बोलायचं, मग हात वर. परत आल्यावर पहिल्याच तासाला विचारलं: १८ ग्रॅम पाण्यात हायड्रोजनचे अणू किती मोल? निम्म्या वह्यांत 'एक'. (उत्तर दोन.) मी बाकांमधून फिरत होते आणि पोटात गोळा आला. इतकी वर्षं त्या माना बघून मी पुढच्या धड्याला जात होते! चौदा दिवसांतला तो एकच तास कामाचा होता म्हणा, पण तेवढा पुरला.

तासिकावाला, विटा
तुमचं दोघांचं बरोबर असेल, पण आमच्याबद्दल कोण बोलणार? मी दोन कॉलेजांत सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, आहे. एफवायचे बरेचसे तास आमच्याच माथी. पंधरा दिवस ट्रेनिंगला बसलो तर तास बुडतात, आणि तासाचेच पैसे मिळतात. शिकवतो आम्ही, ट्रेनिंग मात्र पर्मनंटला.

फळा-खडू, सांगली
तासिकावाले, हे मी लिहायला हवं होतं. तुमचे तास धरून मानधन मिळालं पाहिजे, यावर माझा वाद नाही.

मॅडम, अटीबाबत थोडा मागे येतो. पण मग सर्टिफिकेट कोर्स संपल्यावर लगेच नको. सहा महिन्यांनी कुणीतरी वर्गात बसून एक तास बघावा, मग द्यावं.

रसायनवाली, सातारा
बघणार कोण, यावर सगळं आहे. प्राचार्य मागच्या बाकावर बसले की मुलंही गप्प आणि आपणही. दुसऱ्या कॉलेजातला सहकारी चालेल, विषय वेगळा असला तरी. मंगळवारी साडेदहाला माझा एफवायचा तास आहे. तुम्ही या, मी नंतर तुमच्याकडे सांगलीला येते.

तासिकावाला, विटा
मंगळवारी माझे चार तास आहेत. बुधवारी ठेवलात तर मीही येतो.