परक्या घरातले पहिले पंधरा दिवस: तुमचं काय झालं होतं?

माझी भाची ऑगस्टमध्ये वर्षभरासाठी जर्मनीला चाललीय. वय 16. रोटरीची युवा विनिमय योजना, म्हणजे वर्षात दोन-तीन घरं बदलायची आणि त्या त्या घरचं होऊन राहायचं. आजी म्हणते पोरगी उपाशी मरणार, वहिनी म्हणते थंडीनं, दादा नुसता विम्याचे कागद वाचत बसतो. होस्टेलवर राहिलेले पुष्कळ भेटतात. मला दुसऱ्याच्या घरात, त्यांच्या टेबलावर जेवून राहिलेल्यांचं ऐकायचंय. सल्ले नकोत, घडलेलं सांगा. इचलकरंजी, कागल, गडहिंग्लज, सगळे या.

राजारामपुरी

जर्मनी म्हटलंय म्हणून आधी मीच. पहिल्या संध्याकाळी साडेसहाला टेबलावर पाव, चीज, काकडी. सगळं गार. मला वाटलं गरम मागून येणार, म्हणून पोटात जागा ठेवली. काकूंनी विचारलं, आणखी हवं का? मी म्हटलं, नको. त्यांनी डबा मिटला आणि ताटल्या उचलल्या! आपल्याकडं तीनदा 'नको' म्हटल्याशिवाय कोण ते खरं धरतं? त्या जेवणाचं नावच 'आबेंडब्रोट', संध्याकाळचा पाव. रात्री बॅगेतलं भडंग काढलं आणि कुरकुर बाहेर जाऊ नये म्हणून पांघरुणात तोंड घालून खाल्लं. सकाळी उशीवर शेंगदाण्याची सालं.

त्यात खिडकी. हँडल वर फिरवलं तर अख्खी काच वरून माझ्या अंगावर कलली. मोडली समजून दोन्ही हातांनी धरून ओरडत उभा. घरातला दहा वर्षांचा पोरगा आला, काच ढकलली, हँडल खाली केलं, गेला. तिथल्या खिडक्या तशाच असतात: हँडल आडवं केलं की दारासारखी उघडते, वर केलं की हवेपुरती कलते. त्या पोरानं वर्षभर शाळेत काय काय सांगितलं असेल देव जाणे.

मंगळवार पेठ

जपान. ओफुरोचं ऐकून गेले होते, तरी घोळ घातलाच. आधी बाहेर स्टुलावर बसून साबण लावून अंग धुवायचं, मग टबातल्या गरम पाण्यात नुसतं बसायचं. तेच पाणी सगळ्या घराला, एकामागून एक. पाहुणी म्हणून पहिला नंबर माझा. छान बसले, उठले आणि बूच काढलं. आईनं लहानपणापासून लावलेलं वळण, आपलं पाणी आपण ओतून बादली पालथी घालायची! बाहेर आजोबा टॉवेल घेऊन उभे, आणि आतून गुडगुड आवाज. कोणी एक शब्द बोललं नाही, टब पुन्हा भरायला लावला. तेच जास्त लागलं. आमच्यात निदान कोणी ओरडलं तरी असतं. जपानीच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, 'बूच' कुठल्याच परीक्षेत नव्हतं.

उचगाव

फ्रान्स. काकू गालाला गाल लावायला पुढं आल्या, मी पाया पडायला वाकलो. टक्कर. त्यांचा चष्मा वाकला. पुढं घरात येणाऱ्या प्रत्येकाला तो किस्सा, माझ्यादेखत, हातवाऱ्यांसह.

नाव नको, गाव कोल्हापूरच

सगळं असं गोड नसतं हेही येऊ दे. इंग्लंडमध्ये पैसे घेऊन मुलं ठेवणारं घर होतं. फ्रिजमध्ये मला एक कप्पा, सातनंतर स्वयंपाकघर बंद, शॉवर पाच मिनिटं. एकदा आमटीला फोडणी दिली तर धुराचा अलार्म कोकलायला लागला. बाई वाईट नव्हत्या, त्यांचा तो व्यवसाय होता, आणि मी घर शोधत होते. आईला व्हिडिओ कॉलवर 'सगळं मस्त' सांगायचे. पाचव्या आठवड्यात कॉलेजात जाऊन रडले तेव्हा कुठं घर बदलून मिळालं. आधीच बोलायला हवं होतं. भाचीला एवढं विचारून ठेवा, अडचण आली तर नेमकं कुणाला सांगायचं.

शिवाजी पेठ

मी एका सत्रासाठी फ्लॉरेन्सला होते. कोल्हापूर कुठं आलं, हे सांगताना मुंबई आणि गोव्याच्या मध्ये, असं म्हणायचे. घरातले आजोबा रोज कुत्र्याला घेऊन काशिने बागेत जायचे. बागेच्या टोकाला जो पूल आहे त्याला तिथं 'इंडियानो' म्हणतात. कोण तो इंडियानो, हे विचारलं तर कुणीतरी राजपुत्र, एवढंच. एका रविवारी मलाही नेलं. छत्रीखाली रंगीत अर्धपुतळा. आपले छत्रपती राजाराम महाराज! 1870 साली इंग्लंडहून परत येताना ते फ्लॉरेन्समध्ये वारले, वय 20. आर्नो आणि मुन्योने नद्या मिळतात तिथंच त्यांना अग्नी दिला. शाळेत एका ओळीत वाचलेलं, तेही परीक्षेपुरतं. माझंही वय तेव्हा 20. मी बूट काढून पाया पडले. आजोबा काही बोलले नाहीत, त्यांनी टोपी काढली, कुत्र्याचा पट्टा आखडून धरला. घरी आल्यावर फोनवरून मुलीला सांगत होते, आमची मुलगी त्याच्या गावची आहे. 'आमची' एवढं मला कळलं.

शाहूपुरी

आम्ही उलट्या बाजूचे. आमच्याकडं त्याच योजनेतून ब्राझीलची मुलगी चार महिने होती. पहिल्या दिवशी मीही घाबरले होते, तिखट कसं झेपणार म्हणून तिच्यासाठी आठवडाभर फिका वरणभात. आठव्या दिवशी तिनं खाणाखुणा करून ह्यांच्या वाटीतला तांबडा रस्सा मागितला. घाम पुसत प्यायली, आणि त्यावर पांढरा. आमच्या लेकीकडून मराठी शिकली, त्यामुळं 'मी आलो', 'मी जातो'. पुण्याला गेली तेव्हा कुणी तरी सुधारलं, मुलींनी 'जाते' म्हणायचं. परत येऊन लेकीशी कडाकडा भांडली, तू मला चुकीचं शिकवलंस. लेक म्हणाली, पुण्याचं चुकीचं आहे.

धागा काढणारी

सगळं भाचीला वाचून दाखवलं. बूच दोनदा वाचायला लावलं. आता आजीचा प्रश्न: चटणी आणि पेढे किती द्यायचे?

राजारामपुरी

कांदा-लसूण चटणी घट्ट झाकणाच्या डब्यात, वर दोन पिशव्या. माझे सगळे शर्ट लाल झाले होते. पेढे अजिबात नकोत, तूपही नको. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मटणाचे पदार्थ नेऊ देत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. भडंग मात्र जास्त द्या. आणि मऊ पडलेलं द्या, आवाज होत नाही.