ब्रॉयलरला प्रोबायोटिक: गरज की वायफळ खर्च?

धागालेखक

मांसासाठी वाढवायच्या कोंबड्यांना (ब्रॉयलरना) प्रोबायोटिक, म्हणजे आतड्याला उपकारक जिवंत जिवाणू, सरसकट द्यावे, हा सल्ला हल्ली प्रत्येक पोल्ट्रीधारकाला मिळतो आणि मला तो पटत नाही. ब्रॉयलरचे आयुष्य जेमतेम ३५ ते ४२ दिवसांचे असते. तेवढ्या काळात ब्रूडिंगची (लहान पिल्लांना सुरुवातीला द्यायची) ऊब, शेडमधली हवा, कोरडे लिटर (जमिनीवर अंथरलेला भुसा) आणि स्वच्छ पाणी नीट सांभाळले, तर पाकिटातल्या जिवाणूंना करण्यासारखे फारसे काही उरत नाही, असे माझे मत आहे. मी सलग तीन बॅचना पाण्यातून प्रोबायोटिक दिले. वजन, मरतुक आणि एफसीआर (किलोभर वजनवाढीसाठी लागणारे खाद्य) यांपैकी कशातही फरक पडला नाही. प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांचे निष्कर्षही एकमेकांशी जुळत नाहीत. मग हा खर्च कशासाठी करायचा?

प्रतिसाद १ (पशुवैद्यक)

आपण पाण्यातून दिले म्हणता, तर त्या टाकीत क्लोरीन होते का, हे आधी सांगा. सकाळी टाकीत जंतुनाशक टाकायचे आणि त्याच पाण्यात लॅक्टोबॅसिलस या प्रोबायोटिक जिवाणूचे पाकीट रिकामे करायचे, हे मी अनेक शेडमध्ये डोळ्यांनी पाहिले आहे. ते जिवाणू पिल्लांच्या चोचीपर्यंत जिवंत पोचतच नाहीत.

मुळात कोंबडीच्या पंखाखाली वाढणारे पिल्लू तिच्या विष्ठेतून आणि आजूबाजूच्या मातीतून आतड्यातले जिवाणू मिळवते. उबवणी यंत्रातून निघालेल्या पिल्लाला मात्र आईची ही शिदोरी मिळत नाही आणि त्या मोकळ्या जागेवर जो जिवाणू आधी पोचेल तो ठाण मांडतो. फिनलंडमधील नुर्मी आणि रांताला यांनी १९७३ साली नेमके हेच दाखवून दिले: प्रौढ कोंबडीच्या आतड्यातला ऐवज पाजलेल्या नवजात पिल्लांमध्ये साल्मोनेला या रोगकारक जिवाणूला सहज थारा मिळाला नाही. म्हणून पहिले एक-दोन दिवस महत्त्वाचे आहेत. तिसऱ्या आठवड्यात, लिटर बिघडल्यावर, पाकीट आठवून उपयोग नाही.

दुसरे कारण प्रतिजैविकांचे. वाढीसाठी ती खाद्यात मिसळण्यास स्वीडनने १९८६ मध्ये आणि युरोपीय संघाने २००६ पासून पूर्ण बंदी घातली. प्रतिजैविके काढली की क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूमुळे होणारा आतड्याचा दाह डोके वर काढू शकतो. तेव्हा पर्याय शोधावाच लागतो.

प्रतिसाद २ (खाद्यनिर्मितीत काम करणारा)

पाण्याचे झाले, तसेच खाद्याचेही आहे. पेलेट (दाबून केलेल्या गोळ्या) करताना खाद्य वाफेने साधारण ७५ ते ८५ अंशांपर्यंत तापते. त्यात लॅक्टोबॅसिलस टिकणे कठीण. बॅसिलस सबटिलिससारखे जिवाणू बीजाणूरूपात (कडक कवचातल्या सुप्त अवस्थेत) असल्याने तग धरतात. दोन्हींना ‘प्रोबायोटिक’ या एकाच नावाने ओळखून वाद घातला, तर निष्कर्ष जुळणार नाहीतच.

धागालेखक

क्लोरीनची चूक माझ्याकडून झाली असणे शक्य आहे, हे मी मान्य करतो. पण आपण दिलेला १९७३ चा दाखला आपल्याच विरोधात जातो. तिथे प्रौढ पक्ष्याच्या आतड्यातली अख्खी जिवाणूवस्ती दिली होती, पाकिटात मात्र एक-दोन प्रजाती असतात. त्यांनी तेच काम करावे ही अपेक्षा कुठल्या आधारावर? शिवाय क्लोस्ट्रिडियमला वाट मिळते ती बहुधा कॉक्सिडिओसिस या परजीवीमुळे होणाऱ्या रोगाने आतड्याचे अस्तर सोलवटल्यावर. लिटर मुठीत दाबून उघडल्यावर त्याचा गोळा तसाच राहत असेल, तर आधी ड्रिंकरची गळती थांबवायची. पोल्ट्रीधारक ते सोडून पाकीट आणतो, याची मला चिंता वाटते. प्रोबायोटिक म्हणून दिल्या जाणाऱ्या एन्टेरोकॉकस या जिवाणूच्या काही वाणांत प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुके असू शकतात, हेही विसरू नये.

प्रतिसाद १ (पशुवैद्यक)

वाणाची तपासणी झालीच पाहिजे, याबाबत दुमत नाही. एक प्रजाती म्हणजे अख्खी वस्ती नव्हे, हेही खरे. तरीही व्यवस्थापन आदर्श असताना फरक दिसत नाही म्हणून ते निरुपयोगी ठरते, हे मला मान्य नाही. उन्हाचा ताण, दाटीने भरलेले शेड, लांबच्या प्रवासाने थकून आलेली पिल्ले, अशा वेळी फायदा दिसण्याची शक्यता अधिक असते.

पुन्हा पाहायचे असेल तर एकाच दिवशी, एकाच उबवणी केंद्रातून आलेली पिल्ले दोन स्वतंत्र शेडमध्ये ठेवा आणि त्यांपैकी फक्त एका शेडला, क्लोरीन नसलेल्या पाण्यातून, पहिल्या दिवसापासून प्रोबायोटिक द्या. एकाच शेडमध्ये जाळी लावून भाग पाडू नका, कारण लिटरच्या धुळीतून आणि आपल्याच बुटांवरून ते जिवाणू पलीकडे जातात आणि तुलनाच उरत नाही.