मदत हवी आहे: मागावरच्या काउंटरमध्ये कोड चढेना, रिसेटमध्ये घोळ वाटतोय

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत काकांचे टॉवेलचे माग आहेत, त्यातल्या एकासाठी पिक (आडव्या धाग्याची एक फेक) मोजणारा काउंटर बनवलाय. एटीमेगा328पी मायक्रोकंट्रोलर चिप, 16 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, शाफ्टजवळ प्रॉक्झिमिटी सेन्सर. शाफ्टचा एक फेरा म्हणजे एक पिक.

घरी टेबलावर झकास चालायचं. मागावर बसवलं आणि शेजारच्या मागाचा स्टार्टर खटकन ओढला की आकडा शून्य! काका म्हणाले, "वहीच बरी होती रे." मग डोकं लढवलं. अर्डुइनो ऊनो बोर्डाचा प्रोग्रामर (दुसऱ्या चिपमध्ये कोड भरणारा) करताना रिसेट पिन (ही खाली ओढली की चिप पहिल्यापासून सुरू होते) आणि ग्राउंडमध्ये 10 मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावतात हे आठवलं, तोच इथे ठोकला. पिन 1 ला, म्हणजे रिसेटला, 10 केचा पुलअप (पिन 5 व्होल्टकडे धरून ठेवणारा रेझिस्टर) आधीपासून होता. शून्य होणं थांबलं.

काल डिस्प्लेत छोटा बदल करायला लॅपटॉप जोडला, तर कोड चढेचना. "नॉट इन सिंक", दहा वेळा, मग हार. सीएच340 चा यूएसबी-सिरियल मॉड्यूल आहे, त्याच्या डीटीआरमधून (कोड चढवण्याआधी चिप रिसेट करणारा सिग्नल) 104 चा (0.1 मायक्रोफॅरड) कॅपॅसिटर रिसेटला जातो. केबल बदलली, ड्रायव्हर पुन्हा टाकला, नवी चिप लावली, तरी तेच. रिसेटचं बटण दाबून नेमक्या वेळी सोडलं तर पाचात एकदा चढतो. चिपमधले फ्यूज (सेटिंगचे बिट) बिघडले असतील का?

सोल्डरवाला: फ्यूजने रिसेट बंद पडला असता तर बटणालाही दाद मिळाली नसती. तुमच्या 10 मायक्रोफॅरडनेच घात केलाय. ऊनोवर तो लावतात तो ऑटो-रिसेट बंद पाडायलाच हो! डीटीआर खाली येतो तेव्हा 5 व्होल्टचा धक्का दोन कॅपॅसिटरमध्ये वाटला जातो. 0.1 विरुद्ध 10, म्हणजे रिसेटच्या वाट्याला 0.05 व्होल्ट. पिनचं व्होल्टेज 1 व्होल्टच्या खाली गेल्याशिवाय चिप रिसेट धरेल याची खात्री नाही. तो काढा, 103 (0.01 मायक्रोफॅरड) लावा. मग पिन साधारण 0.45 व्होल्टपर्यंत खाली येते. आणि रिसेटपासून व्हीसीसीकडे (चिपचा 5 व्होल्टचा पुरवठा) 1एन4148 डायोड टाका, त्याची पट्टी व्हीसीसीच्या बाजूला. या पिनवर प्रोग्रामिंगसाठी 12 व्होल्ट चालतात म्हणून आत तो डायोड दिलेलाच नाही. डीटीआर वर जाताना पिन 5 व्होल्टच्या वर उसळते ती यानं आवरते.

एक विचारू? चिपच्या पायाशी व्हीसीसी-ग्राउंडला 104 आहे ना?

मी: आहे दादा, पण बोर्डाच्या कोपऱ्यात, चिपपासून चार बोटं लांब.

सोल्डरवाला: मग रिसेटला उगाच बोल लावला. पिन 7 आणि 20 या पुरवठ्याच्या पिनांना पायाशीच एकेक 104 बसवा. रिसेटच्या बटणाची वायर किती लांब आहे? वीतभर असली तर ती अँटेनाच. आणि वायरमनला सांगून स्टार्टरच्या कॉइलवर, तिच्या व्होल्टेजला झेपेल असा आरसी स्नबर (ठिणगीचा धक्का शोषणारी रेझिस्टर-कॅपॅसिटरची जोडी) लावून घ्या. तिथलं 415 व्होल्टचं काम स्वतः करू नका.

मी: 103 आणि डायोड लावले, कोड पहिल्याच फटक्यात चढला. बटणाची वायर तोडली, दोन्ही 104 पायाशी आणले. आज पहिल्या पाळीत आकडा एकदाच उडाला. स्नबर लावायला वायरमन उद्या येतोय. काकांची वही अजून खिळ्यालाच टांगलेली आहे.