कमळाच्या देठाचं सूत पाहाले बाबाले बर्मात नेऊ काय?

कोसेवाला_मोहाडी:
राजे हो, एक विचाराचं होतं. आमचे बाबा चाळीस वर्सांपासून कोसा (टसर रेशीम) विणतेत, करवतकाठी लुगडी. आता डोळे साथ देत नाइ पण माग काही सुटत नाइ. मांगच्या महिन्यात त्याइनं मोबाईलवर पायलं का बर्मात एका तलावावर कमळाच्या देठातून धागा काढतेत अन त्याचं कापड विणतेत, तवापासून जेवाले बसले तरी तेच, देठात सूत असते म्हणजे कुठी असते अन तो धागा ताण कसा सहन करते. आमच्या गावची काही मंडळी रंगूनचा श्वेडगॉन पॅगोडा अन बागानची देवळं पाहाले जायचं म्हणून रायली (बाबासाहेब १९५४ मधी बौद्ध परिषदेले रंगूनले गेले होते ना), त्याइच्यासंगं बाबाले घेऊन जाऊ काय? ते सूत खरंच हाय का नुसता टूरिस्टले दाखवाचा खेळ? अन मणिपुरातून सीमेवरच्या मोरेहवरून रस्त्यानं गेलं तर विमानाचे पैसे वाचन असं एक जण सांगत होता.

पवनीची_मास्तरीण:
भाऊ, खेळ नाही, खरं आहे. मी जानेवारी २०१९ मध्ये इनले तलावावर गेले होते. गावाचं नाव इन पॉ खोन, सगळी घरं पाण्यात खांबांवर, होडी खाली लावायची अन शिडीनं वर चढायचं. वर एक बाई बसलेली, पुढ्यात लाकडी पाट, पाटावर पाण्याचा हात फिरवलेला. तिनं पाच-सहा देठ एकदम मुठीत धरले, चाकूनं वरवर चीर दिली, कट्कन मोडले अन दोन्ही तुकडे हळूच लांब केले, तर मधात कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू! ते तिनं ओल्या पाटावर तळहातानं वळले, मग दोन-तीन इंच पुढं पुन्हा मोड, पुन्हा ओढ, आधीच्या टोकाला जोडून पुन्हा वळ. तुमच्या आईनं कोसा मांडीवर वळला असेल ना कधी? अगदी तेच, फक्त मांडीच्या जागी पाट. देठ वाळायच्या आत सूत काढावं लागतं म्हणून हे काम तलावापासून लांब जातच नाही. एका ओढणीला हजारो देठ लागतात, भाव ऐकून मी ओढणी परत ठेवली अन आजपर्यंत पस्तावते. दुकानात टांगलेलं सगळंच शुद्ध कमळ नसतं हं, रेशीम नाहीतर सुती मिसळलेलंही असतं, बाबा बोटांनीच ओळखतील म्हणा.

तिथला बाजार दर पाचव्या दिवशी, अन दर वेळी वेगळ्या गावात, आपल्या आठवडी बाजाराच्या डोक्याला तो हिशोबच लागत नाही. तिथल्या शान जमातीचा पिवळा टोफू मिळतो, सोयाबीनचा नाही, बेसनाचा, हळद घातलेला. थापून वड्या पाडलेल्या, खाल्ल्यावर मी म्हटलं ही तर बिनफोडणीची पाटवडी!

एक मात्र सांगते, फाउंग डॉ ऊ पॅगोडातल्या पाच मूर्ती सोन्याचे वर्ख चिकटवून चिकटवून नुसते गोळे झाल्यात, पण वर्ख लावायचा फक्त पुरुषांनी, बायांनी लांबून हात जोडायचे. मंडालेच्या महामुनी देवळातही तेच. मला अजून राग आहे.

बांबूवाला_साकोली:
मास्तरीणबाई, तुमच्या आधी मी गेलो होतो, २०१८ ले. आमचं बुरडकाम, म्हून मी देवळं कमी अन बागानजवळच्या म्यिन्काबा गावातलं लाखेसारख्या चकचकीत भांड्याइचं काम जास्त पायलं. बांबूची काडी कागदासारखी पातळ, अन भारीतल्या कपात बांबूसंगं घोड्याचा केस विणतेत, काठ दाबला का दोन्ही कडा एकमेकाले टेकतेत, सोडला का पुन्हा गोल. त्यावर एका झाडाचा चीक लावतेत, काळाकुट्ट होते तो. मले वाटलं आता उन्हात ठेवन, तर गड्यानं तळघरात नेऊन ठेवला! ओलसर हवेतच तो कडक होते म्हणे. मंग घासाचं, मंग दुसरा थर, असे भारी मालाले चौदा-पंधरा थर, एका वाटीले कित्येक महिने. आपण सुपाले येवढा टाईम लावला तर गिऱ्हाईक आपल्यालेच सुपात घालून पाखडन.

देवळं साडेतीन हजारावर हायेत, २०१९ ले युनेस्कोच्या यादीत गेली. आता वर चढू देत नाइ. आत चप्पलच नाही, मोजेही काढाचे, अन मार्चात विटा अशा तापतेत का चंद्रपूरचा माणूसही नाचते. माझ्या काकानं डॉलरच्या नोटा बनियनच्या खिशात घडी करून नेल्या होत्या, घडी पडलेली नोट कोणीच घेइना, चार दिवस माझ्या पैशावर फिरले अन वरून मलेच हिशोब विचारत होते.

वैनगंगा_काठचा:
वरचं सगळं चांगलं हाय पण जुन्या दिवसाइचं हाय. फेब्रुवारी २०२१ ले लष्करानं सत्ता घेतली तवापासून तिथं लढाई चालू हाय. त्यात २८ मार्च २०२५ ले ७.७ चा भूकंप, मंडाले अन सगाईंगचे हाल झाले, इनलेवरची खांबावरची घरंही पडली. मोरेहचा विचार तर डोक्यातूनच काढा, सीमेच्या दोन्ही बाजूले गडबड हाय. म्हाताऱ्या माणसाले कुठी अडकवता? आधी परराष्ट्र खात्याची सूचना वाचा, एजंट काय म्हणते ते नंतर. अन गेलेच कधी तर कलकत्त्याहून विमानानं जा.

कोसेवाला_मोहाडी:
सगळ्याइले धन्यवाद. यंदा नाही जात, पक्कं. मास्तरीणताईचं लिहिलेलं बाबाले दोनदा वाचून दाखवलं, आई बाजूले बसून आयकत होती, तिनं काही न बोलता लुगडं गुडघ्यावर घेऊन मांडी दाखवली, कोसा वळून वळून तिथं कातडं अजूनही गुळगुळीत हाय. बाबा म्हणतेत ताईले विचार, सूत ओलं अन इतकं कच्चं, तर धोटा मारताना तुटत नाइ काय?

पवनीची_मास्तरीण:
तुटतं की! मागाजवळ पाण्याचं भांडं होतं, विणताना ती मधेमधे सुतावर हात ओला करून फिरवायची. माझ्यासमोर दोनदा तुटलं, दोन्ही वेळा तिनं बोटानं वळूनच जोडलं, गाठ मारली नाही. बाबांना एवढं नक्की सांगा.