कन्सिस्टन्सी म्हणजे सातत्य नव्हे

सिडनीहून

परवा आमच्या घरी एका शब्दावरून चांगलीच जुंपली. शब्द इथे मांडते. जाणकारांनी मदत करावी.

मी पॅरामॅटाजवळ वेंटवर्थव्हिलला राहते. हा सगळा पट्टा रग्बी लीगवेडा. ज्यांनी खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: एका संघात तेरा गडी, सहा पकडी झाल्या की चेंडू समोरच्यांकडे. ‘टॅकल’ला मी पकडच म्हणते, कारण माझे सासरे म्हणतात. आबा साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आलेत. उमेदीत त्यांनी कबड्डीच्या सामन्यांत वर्षानुवर्षं पंचगिरी केली आहे, त्यामुळे गडी कुठे धरला आणि कसा धरला यावर त्यांचा डोळा आधी जातो.

माझा मुलगा चौदा वर्षांचा, इथल्या सिडनी रूस्टर्स संघाचा कट्टर पाठीराखा. तो आबांना ऑगस्ट २०२१ मधला साऊथ सिडनीविरुद्धचा सामना दाखवत होता. त्यात साऊथ सिडनीचा लॅट्रेल मिचेल धावत येऊन रूस्टर्सच्या जोसेफ मनूच्या तोंडावर आदळला आणि मनूच्या गालाचं हाड मोडलं. पंचांनी मिचेलला ‘सिन बिन’ दिलं, म्हणजे दहा मिनिटं बाहेर. कायमचं बाहेर काढलं नाही. पुढे त्याच पकडीसाठी त्याच्यावर सहा सामन्यांची बंदी आली. त्या मोसमाची अंतिम लढत साऊथ सिडनी त्याच्याशिवाय खेळले आणि पेनरिथकडून १४–१२ असे हरले. रूस्टर्सचे प्रशिक्षक ट्रेंट रॉबिन्सन सामन्यानंतर पंचांवर जाहीरपणे बरसले होते, त्यांना २० हजार डॉलर दंड झाला.

मुलगा तावातावाने म्हणाला, “कन्सिस्टन्सीच नाही यांच्यात!” आबांनी विचारलं, “काय नाही म्हणतोय हा?” मी सांगितलं, “सातत्य नाही.”

आबा थोडा वेळ टीव्हीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “एखादा पंच पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत सारखाच चुकत राहिला, तर ते सातत्यच झालं की. पोराला ते हवंय का?”

मला उत्तर देता आलं नाही. इथले लोक वर्षभर या एका शब्दावर भांडत असतात. गाडीत रेडिओवर तोच, शाळेच्या फाटकाशी तोच, आणि मी इतकी वर्षं त्याचा अर्थ सातत्य असाच लावत होते. मग मराठीत याला म्हणायचं काय?

नाशिकहून

सातत्य या शब्दात चूक काही नाही. सतत या विशेषणावरून झालेलं ते भाववाचक नाम आहे. पण त्याचा गाभा काळाचा आहे. खंड न पडणं, म्हणून सरावात सातत्य, लेखनात सातत्य. माणसामाणसांत फरक न करणं हा अर्थ त्यात मुळात नाही, आपण इंग्रजीच्या नादाने तो त्यात कोंबला. वर्तमानपत्रांत ‘फलंदाजीत सातत्याचा अभाव’ हे बरोबर आहे. ‘पंचांच्या निर्णयांत सातत्याचा अभाव’ हे मात्र अर्धंच बरोबर.

मी ‘एकसूत्रीपणा’ सुचवेन, किंवा सरळ ‘एकच माप’. तुमच्या मुलाला जे म्हणायचं आहे ते बहुधा ‘सगळ्यांना एकच माप लावा’ हे आहे.

सिडनीहून

‘एकच माप’ आवडलं. आबांनाही सांगितलं. ते म्हणाले, “माप बरोबर आहे, पण ती तुमच्या दुकानातली भाषा. आम्ही याला पंक्तिप्रपंच म्हणायचो.”

हा शब्द मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. लहानपणी आजोळी लग्नाच्या पंगतीत तूप वाढणारी बाई जावयाच्या पानाशी आली की वाटी कलंडायची, तिकडे भाच्याच्या पानावरून नुसतीच फिरायची. पान सारखं, भात सारखा, वाढणारी तीच, तूप मात्र माणूस बघून. आबा म्हणतात की पंचाने सगळं करावं, पंक्तिप्रपंच करू नये.

मुलाला हे समजावून सांगितलं तर त्याच्याकडे लगेच यादी तयार. २००८ मध्ये मेलबर्न स्टॉर्मचा कर्णधार कॅमेरॉन स्मिथ दोन सामन्यांच्या बंदीमुळे अंतिम लढतीला मुकला आणि स्टॉर्म मॅनलीकडून ४०–० असे हरले. २०१४ मध्ये साऊथ सिडनीचा आयझॅक ल्यूक बंदीमुळे मुकला, तरी त्याच्या संघाने विजेतेपद जिंकलं. २०१८ मध्ये मात्र स्टॉर्मच्या बिली स्लेटरवर उपांत्य लढतीत खांदा घालून धडक दिल्याचा आरोप होता. शोल्डर चार्जवर तर इथे २०१३ पासूनच बंदी आहे. सुनावणी झाली, तो निर्दोष ठरला आणि अंतिम सामना खेळला. तो त्याच्या कारकिर्दीतला शेवटचा सामना होता. “त्याच्या पानावर तूप जास्त,” माझा मुलगा म्हणाला. त्या वर्षी जिंकले रूस्टर्सच, २१–६ असे, तरी याच्या मनातून ते गेलेलं नाही.

कोल्हापूरहून

ताई, मी पोलीस ठाण्यात फिर्यादी लिहून घेण्यात अर्धी नोकरी काढली. रग्बी मला कळत नाही, पण तुमची यादी वाचली आणि राहवलं नाही. या तिघांचा गुन्हा एकच होता का? ते आधी सांगा. पंक्तिप्रपंच म्हणायचा तर पानात वाढलेला पदार्थ सारखा पाहिजे.

दुसरं असं की मिचेलवर नेमका काय ठपका होता? तिकडच्या नियमात निष्काळजी, त्याच्या वरचं आणि जाणूनबुजून अशा पायऱ्या असणारच.

सिडनीहून

काका, बरोबर पकडलंत. तिघांचे गुन्हे वेगवेगळे. स्मिथने गड्याला मानेशी आवळलं होतं, ल्यूकने उचलून आपटलं होतं, आणि स्लेटरवर आरोप खांद्याच्या धडकेचा. तेव्हा मुलाची यादी पंक्तिप्रपंचाचा पुरावा म्हणून टिकत नाही. त्याला सांगितलं, तो रुसलाय.

आणि हो, चेहऱ्यावरच्या पकडीसाठी इथे तीन पायऱ्या आहेत: केअरलेस, रेकलेस, इंटेन्शनल. मिचेलची मधली. पहिल्या दोन्ही मी ‘निष्काळजी’मध्ये घालत आले, पण इथे त्या दोहोंमध्ये कित्येक सामन्यांचं अंतर पडतं.

कोल्हापूरहून

मग ऐका. अपघाताच्या फिर्यादीत आमचं एक वाक्य ठरलेलं असतं: ‘आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून भरधाव वेगात चालवून…’ हे मी इतक्यांदा लिहिलंय की झोपेतही म्हणेन.

यातली हयगय म्हणजे तुमची पहिली पायरी. जी काळजी घ्यायला हवी होती ती घेतली नाही. माणूस वाईट नाही, ढिला पडला. पकडीला वाकायला हवं होतं, वाकला नाही.

दुसऱ्या पायरीला बेदरकार. दरकार हा फारसीतून आलेला शब्द. ‘मला त्याची दरकार नाही’ असं आपण आजही म्हणतो. बेदरकार माणसाला धोका दिसत असतो. समोर शाळा सुटलीय, पोरं रस्त्यावर आहेत, हे त्याला दिसतं, तरी तो वेग कमी करत नाही. हयगय करणाऱ्याला दिसलंच नाही, बेदरकाराला दिसलं आणि फिकीर वाटली नाही. फरक एवढाच, पण शिक्षेत तो फार मोठा असतो, आणि असलाच पाहिजे.

तिसऱ्याला मुद्दाम, जाणूनबुजून, किंवा कागदावर हेतुपुरस्सर.

आता एक गोष्ट बघा. या तिन्ही शब्दांत समोरच्याचं हाड मोडलं की नाही हे कुठेच नाही. हे शब्द करणाऱ्याच्या मनाबद्दल बोलतात. तुमच्या मुलाला राग आहे तो मनूच्या मोडलेल्या गालाचा. तो चुकीचा नाही, पण त्याचा हिशोब वेगळ्या वहीत. आमच्याकडेही तीच हयगय, कुणी नुसतं खरचटलं तर एक कलम आणि कुणी दगावलं तर दुसरं. परिणाम मोजायचा की मन मोजायचं, यावर मी कोर्टाच्या व्हरांड्यात कितीतरी बायका-पुरुषांना रडताना पाहिलंय. कुठल्याही शब्दाने तो प्रश्न सुटत नाही.

जाता जाता एक. बातम्यांत खेळाडूला ‘निलंबित केलं’ असं लिहितात ते मला खटकतं. निलंबन चौकशी सुरू असताना होतं, दोष ठरायच्या आधी. इथे दोष ठरवून सामने मोजून दिलेत. ती बंदीच. ताईंनी बंदी लिहिलंय ते बरोबर.

हडर्सफील्डहून

मला इथे इंग्लंडात येऊन अकरा वर्षं झाली. माझ्या रोजच्या वाटेवर, रेल्वे स्टेशनासमोर जॉर्ज हॉटेलची इमारत आहे. २९ ऑगस्ट १८९५ ला तिथेच उत्तरेकडच्या क्लबांनी जुन्या रग्बी संघटनेशी फारकत घेतली आणि हा खेळ वेगळा झाला. कारण काय, तर कामगार खेळाडूंचा बुडालेला रोज भरून द्यावा ही मागणी. न्यायाच्या मागणीतून जन्मलेला खेळ आहे हा. म्हणून इथली म्हातारी माणसं पंचाच्या निर्णयावर बोलायला लागली की चहा गार होतो.

‘पंक्तिप्रपंच’ मान्य. पण इथल्या प्रेक्षकांची सगळ्यात मोठी तक्रार त्यात मावत नाही. २०२४ च्या मोसमात सुपर लीगने, म्हणजे इथल्या रग्बी लीगच्या मुख्य स्पर्धेने, डोक्याला लागणाऱ्या पकडींवर एकदम कडक भूमिका घेतली. कालपर्यंत ज्या पकडीवर समोरच्यांना नुसती पेनल्टी मिळायची तिच्यावर गड्याला बाहेर काढणारी कार्डं निघायला लागली. डोक्याला वारंवार मार बसून माजी खेळाडूंचं म्हातारपण कसं जातंय ते आम्ही बघतोय, तेव्हा कडकपणाला माझा विरोध नाही. लोकांचं दुखणं असं की कडकपणा येतो, काही आठवडे राहतो आणि मग ओसरतो. यात माणसामाणसांत भेद नाही, सगळ्यांनाच एका महिन्यात कडक आणि दुसऱ्या महिन्यात सैल. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: धरसोड.

तुमच्याकडेही झालंच होतं ना? मे २०२१, ब्रिस्बेनची मॅजिक राउंड, म्हणजे फेरीतले सगळे सामने एकाच शहरात. आठ सामन्यांत १४ जण सिन बिनमध्ये आणि तिघे कायमचे बाहेर.

सिडनीहून

झालं होतं. त्या शनिवार-रविवारी आमच्या गल्लीत दुसरा विषय नव्हता. आणि मिचेलचा प्रसंग त्यानंतर तीनच महिन्यांनी. म्हणजे मे महिन्यात जे पंच डोक्याला हात लागला की बाहेर काढत होते, त्यांनी ऑगस्टमध्ये गाल मोडल्यावर दहा मिनिटं दिली. माझ्या मुलाचा राग या धरसोडीचा आहे, पंक्तिप्रपंचाचा नाही. मला हे आज, तुमच्या उत्तरानंतर कळलं. दादा, मनापासून आभार.

पण मग पंचांची दहा मिनिटं आणि नंतर शिक्षा ठरवणाऱ्या शिस्त समितीचे सहा सामने यांतली तफावत? ती कशात बसते?

हडर्सफील्डहून

तिला मी विसंगती म्हणेन, आणि ती दर वेळी अन्याय असते असं मला वाटत नाही. मैदानावरच्या पंचाला आत्ता, या क्षणी, हा गडी खेळात ठेवायचा की नाही हे ठरवायचं असतं. समितीसमोरचा प्रश्न वेगळा, दोष किती आणि त्याची किंमत किती. इथल्या शिस्त समितीचा एक जुना, ठरलेला निकाल आहे. खेळाडूला बाहेर काढलेलं असतं, प्रकरण समितीपुढे येतं, आणि समिती म्हणते ‘सेंडिंग ऑफ सफिशियंट’. मैदानाबाहेर काढलं तेवढी शिक्षा पुरे. संघ तासभर बारा जणांवर खेळला, तीही शिक्षाच धरली जाते. म्हणजे या दोन्ही गोष्टी एकाच तराजूत घातल्या जातात, हे समितीलाच मान्य आहे. मग मिचेलसारख्या उलट्या प्रकरणात रूस्टर्सना काय मिळालं? पुढची बंदी साऊथ सिडनीला नडली, पण ती दुसऱ्या संघांच्या फायद्याची. ज्यांचा गडी जायबंदी झाला त्यांच्या पदरात त्या दहा मिनिटांपलीकडे काही नाही. तुमच्या मुलाचा हा राग मला पूर्ण पटतो.

नाशिकहून

तीन शब्द झाले: पंक्तिप्रपंच, धरसोड, विसंगती. मला अजून वाटतं की रोजच्या वापराला ‘एकच माप’ पुरेल. बातमी लिहिणारा एवढा विचार करायला थांबणार नाही.

सिडनीहून

सर, इथे मी तुमच्याशी सहमत नाही. एकाच शब्दात तिन्ही कोंबल्यामुळेच इथलं भांडण मिटत नाही. एक जण धरसोडीबद्दल बोलतो, दुसरा पंक्तिप्रपंचाचं उत्तर देतो, आणि दोघांनाही वाटतं की समोरचा ऐकतच नाही. आमच्या घरात नेमकं हेच तीन दिवस चाललं होतं. नेमका शब्द सापडला तेव्हा आबा आणि नातू एका बाजूला आले. सातत्य मी आता एका पंचाच्या ऐंशी मिनिटांपुरतंच वापरणार.

एक शब्द राहिलाय. पंच कधीकधी गड्याला बाहेर काढत नाहीत. दोन्ही हात डोक्यावर नेऊन मनगटांची फुली करतात. त्याला ‘ऑन रिपोर्ट’ म्हणतात. खेळ पुढे चालू, प्रकरण नंतर समितीकडे. मी ‘नोंद घेतली’, ‘शेरा मारला’ असं काहीबाही करून पाहिलं. काल रात्रीच्या सामन्यात पंचांनी तशी फुली केली. मुलगा सांगायला वळला, तर आबांनी त्याला हातानेच थांबवलं.

“कळलं. खात्यावर मांडून ठेवलं त्याने. चुकतं नंतर करायचं.”

गावाकडे दुकानात सामान घेऊन ‘मांडून ठेवा’ म्हणतात, तेच. पंचांचे हात अजून वरच होते.