मदत हवी आहे : मैत्रिणीच्या मुलीचा अठरावा वाढदिवस आणि घरातला अबोला

मंडळी, मी न्यूयॉर्कला क्वीन्समध्ये राहते, वुडसाइडच्या 'लिटल मनिला' या फिलिपिनो वस्तीजवळ. माझी इथली सगळ्यात जवळची मैत्रीण फिलिपिनो आहे, नर्स. मी तिला 'आते' म्हणते. टागालोगमध्ये आते म्हणजे मोठी बहीण. (माझ्या आईला फोनवर वाटलं, मला कोणी आत्याच भेटली.)

तिची लेक लवकरच 18 वर्षांची होईल. त्यांच्यात हा वाढदिवस, 'देब्यू', अगदी लग्नासारखा करतात. 18 जण एकेक गुलाब देऊन मुलीबरोबर नाचतात, 18 जणी मेणबत्ती घेऊन चार शब्द बोलतात. आतेने त्यासाठी रात्रपाळ्या करून पैसे साठवलेत. लेक म्हणते, मला नको, पैसे कॉलेजला ठेव. दोन आठवडे दोघी बोलत नाहीत. गावी फिलिपिन्सला नातेवाइकांसाठी पाठवायचा भेटींचा खोका, 'बालिकबायान बॉक्स', हॉलमध्ये अर्धवट पडलाय: साबण, टॉवेल, कॉर्न्ड बीफचे डबे. एरवी तो दोघी मिळून भरतात.

पोरगी टागालोगला उत्तर इंग्रजीतच देते हे खरं. पण परवा एक वयस्कर बाई आल्या, तर हिनेच पटकन वाकून त्यांचा हात आपल्या कपाळाला लावला. त्यांच्यात मोठ्यांना असाच नमस्कार करतात. तिला आपल्या माणसांचं काही नाही, हे मला मुळीच पटत नाही.

परदेशात मुलं वाढवलेल्यांनी कृपया सांगा, मुंजीवरून, साखरपुड्यावरून तुमच्याकडे असं झालं तेव्हा काय केलंत? छोटा समारंभ घरीच करा, असं सुचवलं तर आते दुखावेल का? 'तुमच्यात काय करतात?' असं तिने मला विचारलंय, आणि रविवारी मी तिच्याकडे जाणार आहे.