वहीत न चढलेले किलो

मूळ धागा: पराटी, यवतमाळ जिल्हा

वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी आमच्या धुऱ्यावर काटा लागतो. मजूर बायांची गाठोडी एकेक करून तोलली जातात आणि वहीत प्रत्येकीच्या नावापुढे किलो लिहिले जातात. माझी आई सकाळपासून त्यांच्याच बरोबरीने वेचते, सुकलेल्या बोंडांच्या टोकांनी तिचीही बोटे सोलतात. तिचे गाठोडे मात्र काट्यावर न चढता थेट ढिगात रिकामे होते. म्हणूनच न्यूझीलंडच्या स्त्रीवादी अभ्यासक मेरिलिन वेअरिंग यांनी १९८८ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबावर घेतलेला आक्षेप मला पुस्तकी वाटत नाही. त्या हिशेबात घरी खायला पिकवलेली ज्वारी उत्पादन ठरते, तिची भाकर करणे ठरत नाही. अर्थतज्ज्ञ मार्गारेट रीड यांनी तर १९३४ मध्येच कसोटी सांगितली होती, की जे काम पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेता येते ते उत्पादक काम होय. २०१९ च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणात विनामोबदला घरकाम करणाऱ्या बायांची त्यातील दिवसाची सरासरी २९९ मिनिटे निघाली, पुरुषांची ९७. हे श्रम राष्ट्रीय हिशेबात यायलाच हवेत, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद: काळी कसदार, हिंगणघाट

ताई, तुमच्या आईंच्या कष्टाबद्दल दुमत नाही, पण शेतातल्या त्यांच्या कामाचा हिशेबच होत नाही हे बरोबर नाही. हमीभाव ज्या ‘ए-टू अधिक एफएल’ खर्चावर ठरतो, त्यातला ए-टू म्हणजे बियाणे, खते, मजूर यांवर हातून झालेला खर्च आणि एफएल म्हणजे घरच्या माणसांची मजुरीच आहे आणि २०१८-१९ पासून त्या खर्चाच्या दीडपट भाव देण्याचे धोरण आहे. व्यापारी हमीभावाच्या खाली माल घेतो तेव्हा ती मजुरी नवरा-बायको दोघांचीही बुडते. अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात कुटुंब हा एकच घटक धरला, तो मला आमच्या घराशी जुळणारा वाटतो, कारण बोंडअळी आली की कर्ज दोघांच्याही डोक्यावर बसते. भाकरीला किंमत लावल्याने कापसाला भाव येणार नाही.

प्रतिसाद: रोवणी, भंडारा जिल्हा

दादा, कर्ज दोघांचे असते, पण सातबारा बहुधा एकाचाच असतो. अमर्त्य सेन यांनी घरात सहकार्य आणि संघर्ष दोन्ही सोबत नांदतात असे मांडले. अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी १९९४ मध्ये थेट जमिनीवर बोट ठेवले: घर मोडले तर बाईच्या हाती काय उरते, यावर घरात तिच्या शब्दाला किती वजन येते ते ठरते. त्यांनी प्रदीप पांडा यांच्यासह तिरुवनंतपुरम जिल्ह्यात केलेल्या पाहणीत, नावावर जमीन वा घर काहीच नसलेल्या विवाहित बायांपैकी ४९ टक्के जणींनी मारहाण सोसली होती. दोन्ही असलेल्यांत हेच प्रमाण ७ टक्के होते. त्यामुळे पराटीताईंशीही मी पूर्ण सहमत नाही. श्रमाची नोंद झाली तरी विकलेल्या मालाचा पैसा, म्हणजे चुकारा, सातबाऱ्यावर ज्याचे नाव असेल त्याच्याच खात्यात जमा होणार. वडिलोपार्जित जमिनीत मुलींना महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून मुलाइतकाच वाटा आहे, तरी आमच्याकडे माहेर तुटू नये म्हणून बहिणी हक्कसोडपत्रावर सही करून मोकळ्या होतात. मीही केली आहे, आणि आज ते मला चुकीचे वाटते.

प्रतिसाद: काळी कसदार

जमीन नावावर करण्यास माझा मुळीच विरोध नाही. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीच्या, म्हणजे बायकोच्या नावावर जमीन करण्याच्या मोहिमेच्या काळात वडिलांनी आईच्या नावावर दोन एकर केले होते आणि त्यानंतर आईला विचारल्याशिवाय बियाणे घेतले जात नसे, हे मी लहानपणी पाहिले आहे. पण भावच नसेल, तर त्या दोन एकरांवर आईच्या नावाचे कर्जच चढेल. यावर उत्तर हवे.

प्रतिसाद: पराटी

दादा, भावासाठी मी तुमच्यासोबत रस्त्यावर बसेन. पण दोन एकर नावावर झाल्यानंतरच आईंना विचारले जाऊ लागले, हे तुम्हीच लिहिले आहे. म्हणजे त्याआधी तुमचे घर बेकर यांच्या अर्थाने एक नव्हते. शिवाय एफएलमध्ये वेचणी येते, वेचणाऱ्यांसाठी पहाटे चारला उठून केलेला स्वयंपाक येत नाही. रोवणीताईंचे म्हणणे मला पटते, सातबाऱ्याशिवाय नोंद अपुरी आहे. तरीही नोंद हवीच. परवा मी हट्टाने आईचे गाठोडे काट्यावर चढवले. भावाने वहीत सगळ्यात खाली तिचे नाव लिहिले आणि पुढे ३१ किलो.